कोरडी पावले

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत हिवाळा हा सुखाचा ऋतू मानला जातो. पहाटेची शेकोटी आणि अंगावरची शाल एवढ्यावर येथील थंडी भागते. उत्तर भारतातील थंडी मात्र वेगळी असते. डिसेंबर-जानेवारीत पंजाब, हरियाणा व चंदीगड या भागांत धुके दाटते, सूर्यदर्शन दुर्मीळ होते आणि मधूनच पाऊसही पडतो. सैन्यदल, रेल्वे, बँका, शासकीय कार्यालये यांतील नोकऱ्यांमुळे मराठी कुटुंबेही या भागांत जाऊन राहतात व या थंडीचा अनुभव घेतात.

अशा थंडीत सायकलने कामावर जाणाऱ्या माणसाचे हात, डोके व छाती यांची काळजी सहज घेतली जाते. पायांकडे मात्र दुर्लक्ष होते. प्रस्तुत माहितीपर लेखात चंदीगडच्या सेक्टर १७मध्ये कामाला येणाऱ्या सायकलस्वारांच्या निमित्ताने पाय उबदार व कोरडे ठेवण्याचा विचार केला आहे. पाय गार का पडतात हे एकदा कळले की उपाय आपोआप सुचू लागतात, हे या पाठातून तुमच्या लक्षात येईल.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• थंडीत पाय लवकर गार का पडतात, हे सांगू शकाल;
• ओलाव्यामुळे शरीराची ऊब कशी कमी होते, हे स्पष्ट करू शकाल;
• सायकलस्वाराने करावयाचे उपाय योग्य क्रमाने सांगू शकाल;
• थंडीने पायांना होणाऱ्या त्रासाची लक्षणे ओळखू शकाल;
• ‘पाय’ या शब्दापासून तयार झालेल्या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. नगरकेंद्राकडे जाणारी सायकल

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि पंजाबची जुनी राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. भारतातील पंजाबला नवी राजधानी हवी होती. तीतूनच चंदीगड या आखीव नगराची निर्मिती झाली. फ्रान्समध्ये कार्य केलेले वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९५१मध्ये या नगराच्या आराखड्याचे काम हाती घेतले आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले. नगराचे विभाग म्हणजे सेक्टर. सर्वसाधारण सेक्टर सुमारे १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद असतो. रस्त्यांचे सात प्रकार ठरविण्यात आले आणि पुढे सायकलींच्या मार्गांसाठी आठवा प्रकार त्यांत मिळविण्यात आला.

सेक्टर १७ हे या नगराचे केंद्र होय. येथे दुकाने, बँका, कार्यालये व उपाहारगृहे आहेत. काँक्रीटच्या चारमजली इमारती, त्यांच्या पुढे रुंद व्हरांडे आणि मधोमध पायी हिंडण्यासाठी राखलेले मोठे मोकळे चौक अशी याची रचना आहे. एका बाजूने मध्य मार्ग, तर दुसऱ्या बाजूने जनमार्ग जातो. चौकात मोटारींना प्रवेश नसल्यामुळे खरेदीला आलेला माणूस निवांत फिरतो.

परंतु हे केंद्र सकाळी जागे होते ते ग्राहकांच्या आधी येणाऱ्या कष्टकऱ्यांमुळे. दुकानांतील मदतनीस, कार्यालयांतील शिपाई, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, उपाहारगृहांतील आचारी अशी किती तरी माणसे बुडैल, मलोया, डड्डूमाजरा यांसारख्या वस्त्यांतून नगराच्या मध्यभागी कामाला येतात. अंतर पाच-सहा किलोमीटरांचे, जमीन बहुतांशी सपाट आणि खिसा लहान. अशा वेळी सायकलसारखे दुसरे वाहन नाही. उन्हाळ्यात पहाटेचा हा प्रवास सुखकर वाटतो. हिवाळ्यात मात्र तोच अर्धा तास पायांची परीक्षा पाहतो.

चंदीगड शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर वसलेले आहे. जानेवारीत पहाटेचे तापमान पुष्कळदा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. दाट धुक्याच्या दिवसांत दुपारीही ऊब जाणवत नाही. त्यातच भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या ‘पश्चिमी विक्षोभां’मुळे ऐन थंडीत पाऊस पडतो. महाराष्ट्रात पाऊस आणि थंडी सहसा वेगवेगळ्या ऋतूंत भेटतात. येथे ती एकाच सकाळी भेटतात. सायकलस्वाराला खरा त्रास होतो तो या भेटीचा.

पाठगत प्रश्न १
योग्य पर्याय निवडा.
(१) चंदीगडच्या राजधानीचे उद्घाटन ........ साली झाले. (अ) १९४७ (आ) १९५१ (इ) १९५३
(२) चंदीगडमध्ये हिवाळ्यात पाऊस पडतो, कारण ........ (अ) मोसमी वारे येतात (आ) पश्चिमी विक्षोभ येतात (इ) शिवालिकवर बर्फ वितळते

२. पाय आधी गार का पडतात?

कपडे ऊब निर्माण करीत नाहीत. ऊब निर्माण करते ते शरीर. आपण जे अन्न खातो, त्यापासून शरीरात उष्णता तयार होते आणि रक्त ती सर्वत्र पोहोचविते. कपड्यांचे व पादत्राणांचे काम एवढेच, की ही उष्णता बाहेर निसटू द्यावयाची नाही. पायांच्या बाबतीत हे काम अवघड असते, त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण शरीराच्या व्यवस्थेत आहे. थंडी वाढली की शरीर प्रथम मेंदू, हृदय, फुप्फुसे व पोटातील इंद्रिये यांचे रक्षण करते. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व तेथे जाणारे उबदार रक्त कमी होते. कुटुंबात दुष्काळाच्या दिवसांत जे आधी वाचवावयाचे ते आधी वाचविले जाते, तसाच हा प्रकार. पायांची बोटे हृदयापासून सर्वांत दूर असल्यामुळे त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी ऊब येते.

दुसरे कारण सायकल चालविण्याच्या क्रियेत आहे. चालताना पाऊल वाकते, बोटे दाबली जातात व मोकळी होतात. त्यामुळे रक्त खेळते राहते. सायकल चालविताना श्रम करतात त्या मांड्या आणि पोटऱ्या. पाऊल मात्र पॅडलवर जवळजवळ स्थिर असते. म्हणूनच घामाघूम झालेल्या सायकलस्वाराचीही बोटे बधिर होऊ शकतात. शिवाय पॅडल धातूचे व बुटाचा तळ पातळ असेल, तर उष्णता तळाकडूनही निघून जाते.

तिसरे कारण वारा. हवा शांत असली तरी सायकलस्वार आपल्या वेगाने स्वतःपुरता वारा निर्माण करीत असतो. शरीरालगतचा उबदार हवेचा पातळ थर हा वारा उडवून नेतो. तापमान ५ अंश असताना ताशी १५ किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेवर आला, तर सुमारे २ अंश तापमान असल्यासारखे वाटते. पावले सायकलच्या पुढील भागात सतत फिरत असल्यामुळे वाऱ्याचा मारा बुटाच्या पुढच्या टोकावर, म्हणजे नेमका बोटांवर होतो.

३. ओलावा : ऊब चोरणारा

कोरडी थंडी एक वेळ सोसता येते, ओली थंडी सोसत नाही. याचे कारण साधे आहे. मोज्याच्या धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णतेला सहजासहजी जाऊ देत नाही. मोजा भिजला की त्या हवेची जागा पाणी घेते. पाण्यातून उष्णता हवेच्या तुलनेत वीस पटींहून अधिक वेगाने वाहते. दुसरे असे, की पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते व ती पायाकडूनच घेतली जाते. मातीच्या माठातील पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने ओल्या मोज्यातील पाय गार होतो.

पायाला पाणी तीन वाटांनी येते. वरून पाऊस येतो. खालून चाकाने उडविलेले पाणी येते. पाऊस थांबल्यानंतरही रस्ता ओला असेपर्यंत ही वाट चालू राहते. तिसरी वाट आतली, म्हणजे घामाची. तळपायांत घर्मग्रंथी पुष्कळ असतात. हवा न जाणाऱ्या बुटात घाम कोंडतो, मोजा दमट होतो आणि बाहेर पावसाचा थेंबही नसताना पाय ओला राहतो.

ओल्या थंडीची ही ताकद जगाने एका मोठ्या आपत्तीतून ओळखली. पहिल्या महायुद्धात १९१४च्या हिवाळ्यात फ्रान्स व बेल्जियममधील सैनिक चिखलपाण्याने भरलेल्या खंदकांत दिवसेंदिवस उभे होते. त्यांत भारतीय जवानही होते. तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही हजारो सैनिकांचे पाय सुजले, बधिर झाले, काहींना बोटे गमवावी लागली. या विकाराला ‘ट्रेंच फूट’, म्हणजे खंदकातील पाय, असे नाव पडले. त्यावर जो उपाय परिणामकारक ठरला, तो कोणत्याही महागड्या औषधाचा नव्हता. पाय पुसावेत, चोळावेत आणि कोरडे मोजे घालावेत, असा दंडक घालून देण्यात आला व अधिकारी सैनिकांच्या पायांची तपासणी करू लागले. सायकलस्वाराचा अर्धा तास आणि सैनिकाचे दिवसेंदिवस यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु ओल्या मोज्यांनिशी अर्धा तास आलेला कामगार पुढे आठ-दहा तास त्याच मोज्यांत काँक्रीटच्या फरशीवर उभा राहिला, तर पायांना होणारा त्रास त्याच जातीचा असतो.

पाठगत प्रश्न २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन का पावतात?
(२) पायाला पाणी कोणत्या तीन वाटांनी येते?
(३) ‘ट्रेंच फूट’ टाळण्यासाठी कोणता दंडक घालण्यात आला?

४. घरून निघताना

उपायांचा आरंभ मोज्यांपासून करावा. सुती मोजा पाणी शोषतो व धरून ठेवतो. ओला झाला की तो पायाला चिकटतो. लोकरीचे वैशिष्ट्य वेगळे आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला फारशी ओली लागत नाही आणि धाग्यांतील हवाही बरीचशी टिकवून धरते. महाराष्ट्रातील धनगराला हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. पावसात घोंगडी जड होते, पण तिच्या आतला माणूस गारठत नाही. जे घोंगडीचे तत्त्व, तेच लोकरीच्या मोज्याचे. चंदीगडपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील लुधियाना हे शहर सायकलींच्या कारखान्यांसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच लोकरी विणकामासाठीही. त्यामुळे या भागात लोकरी मोजे शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. शुद्ध लोकर परवडत नसेल, तर लोकर व कृत्रिम धागा यांचे मिश्रण असलेला मोजा सुती मोज्यापेक्षा बरा.

मोजा जाड हवा, पण बूट घट्ट होता कामा नये. अनेक जण दोन-दोन मोजे चढवून पाय बुटात कोंबतात आणि तरीही पाय गार का, म्हणून नवल करतात. घट्ट बुटात रक्ताची वाट अडते व उबदार हवेला जागा उरत नाही. बुटात बोटे मोकळेपणाने हलली पाहिजेत, ही कसोटी लक्षात ठेवावी. हिवाळ्यासाठी बूट घेताना जाड मोजा घालूनच तो पायात घालून पाहावा.

जाळीदार खेळाच्या बुटांतून वारा व पाणी दोन्ही आत येतात. त्यापेक्षा चामड्याचा किंवा जाड रेक्झिनचा बूट हितकर. चामड्याला नियमित पॉलिश केल्यास पाणी लवकर मुरत नाही. बुटाच्या आत नमद्याचा अथवा जाड पुठ्ठ्याचा तळ कापून बसविला, तर पॅडलकडे जाणारी उष्णता अडते. पुठ्ठा भिजताच बदलावा.

वारा व पाऊस अडविण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी हे गरिबाचे जुने साधन आहे. ते वापरावे, पण समजून. पिशवी मोज्यावर चढवून पाय बुटात घातला, की बाहेरचे पाणी आत येत नाही; मात्र आतला घामही बाहेर जात नाही. म्हणून हा उपाय प्रवासापुरताच ठेवावा व कामावर पोहोचताच पिशवी काढावी. पिशवीचा गुळगुळीत भाग बुटाबाहेर तळाशी येऊ देऊ नये. पाऊल पॅडलवरून घसरण्याचा धोका असतो. केवळ वारा अडवावयाचा असेल, तर जुन्या रेनकोटचा तुकडा बुटाच्या पुढील भागावर टोपीसारखा शिवून घेता येतो.

विजारीकडेही लक्ष द्यावे. पावसाळी विजारीची खालची कड बुटाच्या आत खोचली, तर विजारीवरून ओघळणारे सगळे पाणी थेट मोज्यात उतरते. कड बुटावरून बाहेर राहिली पाहिजे. साखळीच्या बाजूला ती पट्टीने किंवा चापाने बांधावी, म्हणजे साखळीत अडकत नाही.

५. सायकलीची तयारी

पाय कोरडे ठेवण्यात सायकलीचाही वाटा असतो. जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलींना दोन्ही चाकांवर पूर्ण लांबीचे मडगार्ड असत. आजकाल तरुणांना आवडणाऱ्या जाड टायरच्या अनेक सायकली मडगार्डाशिवाय किंवा अगदी आखूड मडगार्डासह विकल्या जातात. दिसायला त्या चपळ दिसतात; पण ओल्या रस्त्यावर पुढचे चाक पाण्याची धार सरळ पावलांवर फेकते. अशा सायकलीला मडगार्ड बसवून घेणे हा बुटांवरील खर्चापेक्षा स्वस्त उपाय आहे.

मडगार्ड असले तरी पुढच्या मडगार्डाच्या खालच्या टोकाला रबराचा पडदा लावावा. जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन स्क्रूंनी बसविला की काम भागते. पडदा जमिनीपासून चार बोटे वर राहील एवढाच लांब ठेवावा. ज्या सायकलस्वाराने हा तुकडा लावला, त्याच्या बुटांवरील चिखल कमी झालेला त्याला पहिल्याच दिवशी दिसून येतो.

वाटेत पाय बधिर होऊ लागले, तर वेग वाढविण्याचा मोह टाळावा. वेगाबरोबर वाराही वाढतो. सुरक्षित जागी उतरून शंभर-दोनशे पावले सायकल हातात धरून चालावे. बोटे वाकू लागली की रक्त खेळू लागते. डोके, कान व छाती नीट झाकलेली असतील, तर शरीर पायांकडेही अधिक रक्त पाठविते, हेही विसरू नये. पायांची ऊब केवळ पायांत नसते. शिवाय बधिर पाय पॅडलवरून निसटू शकतो, धुक्यात वेळीच जमिनीवर टेकता येत नाही. म्हणून हा प्रश्न सोयीचा तसा सुरक्षिततेचाही आहे.

पाठगत प्रश्न ३
चूक की बरोबर ते लिहा.
(१) बूट जितका घट्ट, तितका पाय उबदार राहतो.
(२) पावसाळी विजारीची कड बुटाच्या बाहेर ठेवावी.
(३) पाय बधिर झाल्यास सायकलीचा वेग वाढवावा.

६. कामावर पोहोचल्यावर

सर्व खबरदारी घेऊनही एखाद्या दिवशी पाय भिजतातच. त्या दिवसासाठी पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड व एक लहान पंचा ठेवावा. साऱ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा होय. सेक्टर १७च्या व्हरांड्यात सायकलस्वार पोहोचला, की त्याने प्रथम बूट-मोजे काढावेत, पाय पुसावेत, बोटांच्या बेचक्या विशेष काळजीने कोरड्या कराव्यात, पावले हातांनी हलकेच चोळावीत आणि मग कोरडे मोजे घालावेत. बेचक्यांत ओल राहिली तर त्वचा पांढुरकी होऊन चिरते व तेथे बुरशीचा संसर्ग होतो.

दिवसभर एकाच जागी उभे राहणाऱ्या पहारेकऱ्याने वा विक्रेत्याने पायांखाली लाकडी फळी, गोणपाट किंवा जाड पुठ्ठा घ्यावा. काँक्रीटची गार फरशी शरीराची ऊब शोषत असते. मधूनमधून टाचा उचलाव्यात, बोटे मिटावीत व उघडावीत.

ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवावेत आणि ते ओले होताच बदलावेत. बूट शेगडीशी वा हीटरशी चिकटवून ठेवू नयेत. चामडे कडक होऊन तडकते व डिंकाने जोडलेला तळ सुटतो. शक्य असल्यास बुटांचे दोन जोड आलटून-पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येक जोडाला वाळण्यास एक दिवस मिळतो.

७. पायांची हाक ओळखावी

थंडी व ओलावा यांच्या माऱ्यामुळे काहींच्या बोटांवर लाल-जांभळे, सुजलेले चट्टे उठतात. त्यांना खाज सुटते, आग होते. यास ‘चिलब्लेन’ म्हणतात. उत्तर भारतात हिवाळ्यात हा त्रास अनेकांना होतो. गारठलेले पाय एकदम शेकोटीजवळ किंवा कढत पाण्यात नेल्यास तो वाढतो. पाय आधी पुसावेत, कोरड्या लोकरीत गुंडाळावेत आणि हळूहळू ऊब येऊ द्यावी. चट्टे खाजवू नयेत. त्वचा फुटली, पू झाला किंवा बोट बराच वेळ पांढरे व बधिर राहिले, तर डॉक्टरांकडे जावे.

मधुमेही व्यक्तींनी अधिक जपावे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. गारवा, चटका किंवा जखम लवकर कळत नाही. अशा व्यक्तीने पाण्याचा गरमपणा पायाने न पाहता कोपराने पाहावा व रोज रात्री उजेडात दोन्ही तळपाय तपासावेत. तंबाखू व धूम्रपान यांमुळेही रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. थंडीत ऊब यावी म्हणून विडी ओढणारा माणूस आपल्याच पायांची ऊब तोडत असतो.

८. एकट्याचे काम नव्हे

हातावर पोट असलेल्या माणसाला आजारी पडणे परवडत नाही. पाय सुजला की दुकानात उभे राहता येत नाही, आणि उभे राहिले नाही तर अनेकांचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. म्हणून पाय जपणे हे कामगाराचे कर्तव्य जितके, तितकेच ते मालकाचेही आहे. दुकानाच्या मागील कोपऱ्यात बूट बदलण्यासाठी एक बाकडे, ओले मोजे वाळविण्यासाठी एक दोरी व उभे राहण्यासाठी एक फळी ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. सायकलतळावर छप्पर असावे, सायकलमार्गावर पाणी साचू नये, ही काळजी नगराने घ्यावयाची असते. ज्या नगराच्या आराखड्यात सायकलीसाठी स्वतंत्र मार्ग कल्पिला गेला, तेथे ही अपेक्षा वाजवीच म्हणावी लागेल.

या सोयी होतील तेव्हा होतील. तोपर्यंत जानेवारीच्या धुक्यात घराबाहेर पडणाऱ्याने पिशवीत डब्याशेजारी मोज्यांचा एक कोरडा जोड न विसरता ठेवावा.

शब्दार्थ

नगरकेंद्र – शहराचा मध्यवर्ती भाग
आकुंचन पावणे – आखडणे, अरुंद होणे
बधिर – संवेदना नसलेला
घर्मग्रंथी – घाम निर्माण करणारी ग्रंथी
दंडक – सक्तीचा नियम
नमदा – लोकर दाबून केलेले जाड कापड
बेचकी – दोन बोटांमधील जागा

भाषाभ्यास

(अ) मराठीत ‘पाय’ या शब्दापासून अनेक वाक्प्रचार तयार झाले आहेत. पुढील वाक्प्रचार व त्यांचे अर्थ वाचा.
पाय काढता घेणे – हळूच निघून जाणे
पाय रोवून उभे राहणे – निर्धाराने टिकून राहणे
पाय घसरणे – वाईट मार्गाला लागणे
तळपायाची आग मस्तकात जाणे – अतिशय संताप येणे
अंथरूण पाहून पाय पसरणे – ऐपतीप्रमाणे खर्च करणे
‘पाऊल पॅडलवरून घसरले’ आणि ‘वाईट संगतीमुळे त्याचा पाय घसरला’ या दोन वाक्यांतील अर्थाचा फरक पाहा. पहिल्या वाक्यात शब्दाचा मूळ अर्थ आहे, तर दुसऱ्यात लाक्षणिक अर्थ आहे.

(आ) पुढील सामासिक शब्दांचा विग्रह पाहा.
नगरकेंद्र – नगराचे केंद्र (षष्ठी तत्पुरुष)
पायमोजे – पायांसाठी मोजे (चतुर्थी तत्पुरुष)
थंडीवारा – थंडी, वारा वगैरे (समाहार द्वंद्व)

तुम्ही काय शिकलात?

• ऊब शरीर निर्माण करते. कपडे व बूट ती टिकवितात.
• बोटे हृदयापासून दूर असणे, पाऊल स्थिर राहणे व वारा लागणे या कारणांनी सायकलस्वाराचे पाय लवकर गारठतात.
• ओलावा उष्णता वेगाने वाहून नेतो. म्हणून उबेच्या आधी कोरडेपणाचा विचार करावा.
• लोकरी मोजा, सैल बूट, मडगार्डाचा पडदा व कोरड्या मोज्यांचा जोड हे मुख्य उपाय होत.
• गारठलेल्या पायांना हळूहळू ऊब द्यावी. मधुमेही व्यक्तींनी विशेष जपावे.

पाठान्त प्रश्न

१. ‘कोरडी थंडी एक वेळ सोसता येते, ओली थंडी सोसत नाही’, हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. घोंगडी व लोकरी मोजा यांतील साम्य सांगा.
३. प्लॅस्टिकच्या पिशवीचे लाभ व मर्यादा लिहा.
४. कामगारांचे पाय जपण्यासाठी मालकाने व नगराने काय करावे, असे पाठात म्हटले आहे? तुमच्या कामाच्या ठिकाणी आणखी कोणती सोय हवी, ते लिहा.
५. तुमच्या भागातील पावसाळ्यात सायकलने किंवा पायी कामावर जाणाऱ्या व्यक्तीला पाठातील कोणते उपाय उपयोगी पडतील? दहा ओळींत लिहा.
६. ‘पाय काढता घेणे’ व ‘पाय रोवून उभे राहणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (१) इ (२) आ
२. (१) मेंदू, हृदय यांसारख्या महत्त्वाच्या इंद्रियांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. (२) पायाला पाणी पावसाने, चाकाने उडविलेल्या पाण्याने व घामाने येते. (३) पाय पुसावेत, चोळावेत व कोरडे मोजे घालावेत, असा दंडक घालण्यात आला.
३. (१) चूक (२) बरोबर (३) चूक